विहिरीत हिरवा दगड आणि सोनेरी ठिपके निघाले, तांबं-सोन्याची खाण असेल का?

प्रश्न थोडक्यात असा: धुळे जिल्ह्यात साक्रीकडे विहीर खोदताना खाली हिरवट दगड लागला, त्यात सोनेरी ठिपके दिसतात. एका 'जाणकारा'ने लॅबचा कागद आणून दिला, त्यावर 'तांबं 180 पीपीएम, सोनं-चांदी अंशतः' असं लिहिलंय. पुढच्या तपासणीला तो 50 हजार मागतोय.

देऊ नका. खाण निघणार नाही. कागदावरचा आकडा बहुतेक खराच आहे, आणि तोच सगळ्यात मोठा फसवा आहे. 180 पीपीएम म्हणजे एका टनात 180 ग्रॅम, 0.018 टक्के. धुळ्याच्या कुठल्याही क्रशरवरची काळी खडी उचलून त्याच लॅबला द्या, 100 ते 200 च्या आसपासच आकडा येईल, कारण दख्खनच्या बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात) तांबं मुळात तेवढं असतंच. आपल्याला जवळची खरी तांब्याची खाण म्हणजे बालाघाट जिल्ह्यातली मलाजखंड. तिथलं खनिज साधारण एक टक्क्याचं, म्हणजे 10,000 पीपीएम. जगातल्या अजस्र उघड्या खाणी 0.4-0.5 टक्क्यावर चालतात, पण त्यांच्याकडे असा माल कोटी कोटी टन असतो. तुमच्याकडे एक विहीर आहे. आणि 'अंशतः' हा काही आकडा नव्हे. मूळ रिपोर्ट मागा. तिथे '0.01 पेक्षा कमी' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 'थोडं आहे' असा होत नाही, 'यंत्राला दिसलं नाही' असा होतो.

हिरवा रंग तांब्याचाच, हे आपल्याकडे कुणी पक्कं करून ठेवलंय कोण जाणे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकून जी भोकं राहतात, त्यांच्या आतून जो मळकट, साबणासारखा हिरवा थर असतो तो सेलाडोनाइट. त्यात लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम असतं, रंग लोहाचा. तपासायचं असेल तर वाटाण्याएवढा तुकडा कुटून काचेच्या ग्लासात घ्या, त्यावर सुटं मिळणारं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाका (निळ्या रंगाचं संडास क्लीनर नको, रंगच कळणार नाही) आणि घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर तांबं. नुसता फेस आला तर त्यावर जाऊ नका; भोकांत कॅल्साइटही (चुन्याचं खनिज) असतं आणि तेही फसफसतं. सोनेरी ठिपक्याला सुईने दाबा. सोनं दबतं, पायराइटचा (लोह-गंधकाचं सोन्यासारखं दिसणारं खनिज) भुगा होतो. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला, चकाकी नसलेल्या कडेवर घासा: सोन्याची रेघ पिवळीच राहते, पायराइटची हिरवट काळी उमटते. कित्येकदा तर तो नुसता लोहाचा गंजच असतो, पातळ असल्यामुळे उन्हात सोनेरी दिसतो.

खिळ्यावर तांबं चढलंच, तरी नाचू नका. सुरुंग उडवताना डेटोनेटरची बारीक तांब्याची तार ढिगात तुटून पडते, एका पावसात हिरवी होते आणि शेजारचा दगड रंगवते. जुन्या विहिरीत मोटारीची केबल, पंपाचा पितळी इम्पेलर, तेही तेच करतात. लॅबमध्ये चूर्ण पितळी चाळणीतून चाळलं तर तांबं-जस्त दोन्ही वाढतं. म्हणूनच नमुना घेणाऱ्याने हातातली अंगठी आधी काढायची असते. सोन्याची अंगठी दगडाला घासली तरी रिपोर्टात सोनं येऊ शकतं, कारण तिथे मोजणी टनामागे ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत जाते.

माझं खरं भांडण या 'एका दगडावरून खाण' म्हणणाऱ्यांशी आहे. ढिगातला सगळ्यात चमकदार दगड निवडून पाठवायचा आणि आकडा सगळ्या शेताला लावायचा! शिरेचा (भेगेत भरलेल्या खनिजाच्या पट्ट्याचा) नमुना आडवा, शिरेच्या कडेला काटकोनात घेतात: सुमारे 10 सेंटिमीटर रुंद, 3-5 सेंटिमीटर खोल खाच, दर मीटरचं वेगळं पोतं, साधारण दहा किलोचं. शिरेबाहेरचा साधा दगडही वेगळ्या पोत्यात. सगळं 2 मिलिमीटरपर्यंत फोडून, चार वाटे करत कमी करून, मग पिठासारखं दळायचं. सोन्यासाठी त्यातलं 30 किंवा 50 ग्रॅम शिशाबरोबर भट्टीत जातं. सोबत कोरा नमुना (ज्यात तो धातू नाहीच), आकडा आधीच माहीत असलेला नमुना आणि एखादा तोच नमुना दुसऱ्या नंबरने घातलेला हवा. तुमच्या जाणकाराला विचारा, कोरा नमुना दिला होता का. गप्प बसेल.

आता भूगर्भ. तांबं-सोनं-चांदी एकत्र मिळतं ते बहुतेक तिथे, जिथे खाली मॅग्मा (वितळलेला खडक) मुरला, त्यातून गरम खारं पाणी भेगांतून वर चढलं आणि आजूबाजूचा खडक मैलभर बदलून टाकला. मधे पोटॅशियमवाला गाभा, बाहेर गारगोटी-पायराइटचा पट्टा, त्याहून बाहेर हिरवट क्लोराइट-एपिडोटचा. असे पट्टे नकाशावर दिसतात, एका विहिरीत नव्हे. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर आहेत. साक्री-नंदुरबारच्या माळावर भिंतीसारख्या उभ्या दगडी रांगा दिसतात, त्या भेगांत लाव्हा भरून बनल्यात. धातूच्या शिरा नव्हेत.

कुणी म्हणेल, अमेरिकेत मिशिगनला बेसाल्टमध्येच शुद्ध तांबं आहे. आहे, पण ते 110 कोटी वर्षं जुने, कित्येक किलोमीटर जाड थर, खोल गाडले गेले तेव्हा त्यांतून गरम पाणी फिरलं. 'सरकार लपवतं' म्हणणाऱ्यांना एवढंच: जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे खनिज आधीच सरकारचं. लपवून काय करणार? खाणीचा पट्टाही आता लिलावातूनच मिळतो, कुणा जाणकाराच्या ओळखीतून नव्हे.

हे सगळं तुमचा दगड न पाहता लिहितोय, एवढं ध्यानात ठेवा. उत्तरेकडे सातपुड्यात खडक बदलला तर हिशेबही बदलेल.

एक गोष्ट मात्र जपा. भोकांत पांढरे, पारदर्शक किंवा गुलाबी स्फटिक असतील तर ते स्टिल्बाइट, अपोफायलाइटसारखे असू शकतात, संग्राहक विकत घेतात. घणाने फोडू नका, आख्खा दगड छिन्नीने सोडवून वर्तमानपत्रात गुंडाळा. आणि ॲसिडने धुऊ नका, चकाकी जाते. वरची चाचणी फक्त तुटक्या तुकड्यावर करा.