आधी कागद, मग अक्षर: प्रचारपत्रकांविषयी वाचकांचे प्रश्न

चोपडा तालुक्यातील कृषी सेवा केंद्रचालक विचारतात: ठिबक, बियाणं आणि फवारणीची माहिती देणारं पत्रक काढायचं आहे. ए-5 आकार, 5,000 प्रती. छापखान्याने 90 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपर सुचवला आहे. अक्षर 10 पॉइंट ठेवलं तर सगळा मजकूर बसतो. चालेल का?

दोन्ही बदला. हे पत्रक शेतकरी खिशात घालणार, बांधावर उन्हात उघडणार आणि त्याच्यावरच फोन नंबर लिहून घेणार. आर्ट पेपरवर खडूसारखा लेप असतो. तो चकाकतो, म्हणून उन्हात वाचवत नाही. पेनची शाई त्यावर लवकर वाळत नाही आणि बोट लागलं की फासते. तुम्हाला 80 किंवा 90 जीएसएम मॅप्लिथो, म्हणजे लेप नसलेला कागद हवा. मात्र मॅप्लिथो शाई पितो, ठिपके पसरतात आणि फोटो काळवंडतात. म्हणून फाइलमध्येच फोटोचे मधले टोन थोडे उजळ करून घ्या आणि स्क्रीन, म्हणजे फोटोच्या ठिपक्यांची जाळी, इंचाला 175 ऐवजी 133 लाइनची ठेवायला सांगा. पानावरची कीड किंवा करपा रंगावरून ओळखू यायला हवा असेल, तर तेवढ्यासाठी 130 जीएसएम मॅट (न चकाकणारा) आर्ट घेणं योग्य.

आता अक्षर. देवनागरीत 10 पॉइंटमधली बरीच उंची वरच्या वेलांटी-मात्रांत आणि खालच्या उकारांत जाते, मूळ अक्षराच्या वाट्याला थोडीच उरते. 12 पॉइंट अक्षर आणि 17 पॉइंट ओळ (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर) ही किमान मर्यादा माना. वाचक वयस्कर असतील तर 13 वर 19. मजकूर बसत नसेल तर मजकूर कापा. मॅप्लिथोवर फार जाड अक्षराची पोकळी शाईने भरते, मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ सारखेच दिसू लागतात. पोटं मोकळी असलेला, मध्यम जाडीचा फॉन्ट निवडा. मुक्ता यासाठी चांगला आहे, मोफत मिळतो आणि त्यात बारीक ते जाड अशा बऱ्याच जाड्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं औषधाच्या प्रमाणाचं. ‘1.5 मिली’मधला टिंब हलक्या छपाईत उडाला की वाचणारा 15 वाचतो. म्हणून आकड्याशेजारी ‘दीड मिली’ असं अक्षरांतही छापा. ही जागा वाचवू नका.

आकाराचंही पाहा. 18 × 23 इंची कागदावर सगळी एकाच दिशेने लावली, तर ए-5 ची सहाच पत्रकं निघतात. तेच 5.25 × 8.25 इंच केलं तर आठ बसतात, कटिंग आणि ग्रिपची (यंत्र कागद पकडतं ती) जागा धरून. म्हणजे 834 ऐवजी 625 ताव, शिवाय वाया जाणारे वेगळे.

जळगावच्या सराफ बाजारातून: आखाजीचं (अक्षय तृतीयेचं) निमंत्रण 300 जीएसएम आर्ट कार्डवर, एका बाजूला मॅट लॅमिनेशन (पातळ फिल्म). सोनेरी अक्षरं नमुन्यात मोहरीच्या रंगाची आली. फॉन्ट नाजूक आहे. काय चुकलं?

चार रंगांच्या मिश्रणातून धातूची चमक येत नाही, पिवळट तपकिरीच येतो. एक तर पँटोन 871 किंवा 872 सारखी सोनेरी शाई पाचवा रंग म्हणून लावा, नाहीतर डाय (ठसा) करून फॉइल, म्हणजे सोनेरी पत्र्यासारखा पातळ थर मारा. दागिन्याच्या निमंत्रणाला फॉइलच शोभेल. पण फॉइलला 0.3 मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ झेपत नाही: शिरोरेघ तुटते आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’ यांच्या फटी भरतात. नाव आणि मुहूर्तापुरतंच फॉइल ठेवा, ठसठशीत अक्षरात. पत्ता आणि वेळ साध्या काळ्यात.

आखाजी ऐन उन्हाळ्यात येते. कोरड्या हवेत कार्डाचा ओलावा जाऊन कागद आकसतो, फिल्म आकसत नाही, आणि कार्ड पन्हळीसारखं वळतं. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन करा, किंवा वाटेपर्यंत गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. घडी असेल तर आधी क्रिजिंग (घडीच्या जागी दाबून पाडलेली रेघ) हवंच.

अमळनेरचे डीटीपी ऑपरेटर: गिऱ्हाईक युनिकोडमध्ये (मोबाइल-संगणकावरच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात) मजकूर पाठवतात. पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. शीर्षक अहिराणीत आहे.

पेजमेकरला युनिकोड कळत नाही, तिथे इलाज नाही. त्याऐवजी इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) चालू करा आणि भाषा मराठी निवडा. अनेक फॉन्टमध्ये पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असतात, भाषा सांगितल्यावरच ते येतात. महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच वळणं धरली आहेत. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टचा तर पायाच मराठी वळणाचा आहे.

अहिराणीत ‘मन्हा’, ‘तुन्हा’ असे शब्द पदोपदी येतात, त्यामुळे ‘न्ह’ आणि ‘म्ह’ शीर्षकाच्या फॉन्टमध्ये टाकून पाहा. जोडीला ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ हेही. सजावटीचे पुष्कळ फॉन्ट इथेच कोलमडतात. छापखान्याला फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये (रेषांच्या चित्रात) बदला, पण मूळ फाइल जपा. काळा मजकूर फक्त काळ्या रंगाच्या प्लेटवर ठेवा. चारही रंगांच्या प्लेटवर गेला तर प्लेट किंचित सरकली तरी अक्षरांना रंगीत सावली येते.

धुळ्यातील क्लासचालक: प्रवेशाचं दोन पानी पत्र आणि ए-4 माहितीपत्रक टपालाने पाठवायचं आहे. वजन वाढतंय.

साध्या पत्राचं टपाल 20 ग्रॅमच्या टप्प्याने वाढतं. ए-4 चा 80 जीएसएम कागद 5 ग्रॅम, 130 जीएसएमचं माहितीपत्रक 8 ग्रॅम आणि लांबट पाकीट साधारण 5 ग्रॅम. पत्राच्या दोन कागदांसह बेरीज 23 होते. पत्र पाठपोट छापलं की 18. माहितीपत्रकाची घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने पाडा, आडवी पाडली तर शाई चिरते आणि पांढरी रेघ दिसते. पाकीट मॅप्लिथोचंच घ्या, लेपाच्या कागदावर शिक्का पुसतो. पिन कोडचे सहाही आकडे 12 पॉइंटपेक्षा लहान नकोत. जूनमध्ये पाकिटं साठवत असाल तर गठ्ठा जमिनीवर ठेवू नका: ओल धरून गोंद आपोआप चिकटतो आणि पाकिटं रिकामीच बंद होतात.