समोर कोण बसणार, ते आधी विचार

प्रश्न : मी सोलापुरात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेवरच्या माझ्या भाषणाला कॉलेजात पहिला क्रमांक मिळाला. तेच भाषण पूर्व भागात विडी कामगार महिलांपुढे केलं, तर निम्म्या बायका मध्येच उठून गेल्या. बहुतेक जणी पंचावन्न-साठीच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. जनसंवादात करिअर करायचा विचार सोडून देऊ का?

उत्तर : अजिबात सोडू नकोस. तुझ्या बोलण्यात खोट नाही. विषयाची तयारी तू चोख केलीस, माणसांची राहून गेली.

वयाचंच बघ. जीवनज्योतीत नाव घालायला वय १८ ते ५० लागतं. ज्या योजनेत शिरताच येणार नाही, तिचे फायदे त्या बायकांनी कशासाठी ऐकायचे? सरकारचीच अपघात विम्याची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र ७० वर्षांपर्यंत घेता येते. वर्षाला २० रुपये हप्ता, अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख. तिथून सुरुवात केली असतीस, तर त्याच बायकांनी तुलाच प्रश्न विचारले असते.

दुसरं, त्यांचा वेळ. मजुरी हजार विड्यांवर मिळते. तुझ्यापुढे बसलेल्या अर्ध्या तासात हात थांबलेले असतात आणि घरी भिजवून ठेवलेलं विडीचं पान वाळत असतं. उठून जाण्यात तुझा अपमान नव्हता गं.

भाषेचं जरा नाजूक आहे. आपल्याकडे तेलुगू बोलणाऱ्या कित्येक जणींना ती लिपी वाचता येत नाही, कारण शाळा मराठीतून झाली. काहींची शाळा झालीच नाही. म्हणून बोलायला तेलुगू जाणणारी मैत्रीण सोबत ने, पण पत्रक मराठीतच, मोठ्या अक्षरात छाप. बोलण्याची भाषा आणि वाचण्याची भाषा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते वेगवेगळेच विचारायचे.

ही माहिती जनगणनेत शोधत बसू नकोस. २०११ च्या गणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, एवढं कळेल. त्या एका सभामंडपात कोण येणार, हे बोलावणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. तिला फोन करून दहा मिनिटं बोल. आणि एक सांभाळ : वय, भाषा, धंदा कळला म्हणजे माणूस कळला असं धरून चालू नकोस. साठीची एखादी आजी नातवाच्या मोबाइलवर सगळं बघत असते.

करिअरचं म्हणशील, तर आरोग्य विभागाची जनजागृती, बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रं, जाहिरात संस्थांतलं ग्राहक संशोधन, सगळीकडे हेच काम असतं. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात जनसंवादाचा अभ्यासक्रमही आहे. समाजकार्याची पदवी आधी पूर्ण कर. वस्त्यांत फिरायची सवय तिथे लागते आणि ती पुढे फार उपयोगी पडते.

या आठवड्यात एकदा सकाळी, बायका विड्या द्यायला कारखान्यावर येतात तेव्हा, वही न काढता त्यांच्या रांगेशेजारी उभी राहा. वीस रुपयांच्या विम्याचं एवढं एकच वाक्य सांग आणि मग त्या काय विचारतात ते ऐक.