गाईची लघवी लाल झाली तर: गोचीड तापाविषयी विचारणा

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात आमचा जांभ्याच्या चिऱ्यांचा गोठा आहे. संकरित गाईला ताप असून लघवी कॉफीसारखी होते. शेजारच्या गावठी गाईंनाही गोचीड आहेत, पण त्या ठणठणीत आहेत. पावसाळी कोवळ्या चाऱ्यामुळे असे होते का?

उत्तर: कोवळ्या चाऱ्याने हगवण लागू शकते, परंतु ताप आणि लाल लघवी एकत्र दिसल्यास पहिला संशय बबेसिओसिसचा, म्हणजे गोचीड तापाचा घ्यावा. गोचिडामार्फत रक्तात शिरलेला या रोगाचा सूक्ष्म परजीवी तांबड्या पेशी फोडतो, त्यातील रंगद्रव्य लघवीत उतरते आणि हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर पडतात. गावठी जनावरांचा लहानपणापासून गोचिडांशी संबंध आल्याने त्यांच्यात बरीच प्रतिकारशक्ती असते. बाहेरून आणलेल्या संकरित गाईत ती सहसा नसते.

मात्र लघवीच्या रंगावरून परस्पर इंजेक्शन देण्याची घाई करू नये. नुकत्याच व्यालेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाईत स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेनेही लघवी लाल होते, पण तेव्हा सहसा ताप नसतो. लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगातही असेच लक्षण दिसते आणि तो माणसालाही होतो, म्हणून अशा लघवीला उघडा हात लावू नये. थायलेरिओसिस हा वेगळा रोगही गोचिडांमुळेच होतो. त्यात खांद्यापुढच्या गाठी सुजतात, आणि त्यावरचे औषध बुपार्वाक्वोन बबेसिओसिसवर चालत नाही, तर बबेसिओसिसवरचे डायमिनाझिन थायलेरिओसिसवर उपयोगी पडत नाही. नेमका रोग कळण्यासाठी गाईचे तापमान मोजावे (निरोगी गाईचे साधारण १०१.५ अंश फॅरनहाइट असते, या आजारात ते १०५ च्या पुढे जाते) आणि औषध देण्याआधी कानाच्या शिरेतील रक्ताची काचपट्टी पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावी. त्यांना बोलावण्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. उद्यावर ढकलू नये, कारण रक्त झपाट्याने कमी होते. तोपर्यंत गाईला सावलीत ठेवावे व चालवत नेऊ नये.

बबेसिओसिसचा परजीवी गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो आणि एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. म्हणून वेचलेले गोचीड गोठ्यात न टाकता रॉकेलच्या डब्यात टाकावेत. चिऱ्यांच्या भोकांत व सांध्यांत गोचीड लपतात. सांधे सिमेंटने बुजवून वर चुना द्यावा. गोचिडाचे अंगावरचे वास्तव्य सुमारे तीन आठवड्यांचे असल्याने एका फवारणीने काम भागत नाही. लेबलवरील प्रमाणानेच औषध घेऊन सर्व जनावरांवर, शेजाऱ्यांच्या गावठी गाईंसह, एकाच दिवशी फवारावे आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावे. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन हे गोचीडनाशक इंजेक्शन पशुवैद्यकांना विचारल्याशिवाय टोचू नये, कारण ते दुधात उतरते.