आवाज येतो पण पडदा काळा? आधी स्विच बंद करा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. आजोबांचा लाकडी शटरवाला टीव्ही, आतले व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) पेटतात, आवाज खणखणीत, पडदा काळा. आणि तुम्ही रोज अर्धा तास "तापवून बघता". नका हो बापा! मीही हेच केलं होतं.

चेसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, थेट मेन्सची वीज असते, पिक्चर ट्यूब चार्ज धरून ठेवते, हे माहीत असेलच. आवाज येतोय म्हणजे सिरीजमधले फिलामेंट शाबूत. दोष बहुतेक लाइन आउटपुटकडे, म्हणजे पिक्चर ट्यूबचं जबर व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाकडे. खोलीत अंधार करा आणि त्या भागातल्या पीएल ५०४ व्हॉल्व्हकडे बघा. आतली प्लेट लाल होत असेल तर त्याच क्षणी बंद करा. ग्रिडवरचा (करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवरचा) उणे व्होल्टेज गेला की तो व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो.

माझा लाल होत होता. शहरातल्या एका दुकानात (नाव घेत नाही) विचारलं, तर काउंटरवरूनच उत्तर, "जुना माल आहे साहेब, तापू द्या, येईल चित्र." ऐन मे महिन्यात मी २० मिनिटं तापू दिला. मेण वितळल्याचा वास आला तोवर ईएचटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारी कॉइल, गेली होती. दोष निघाला ऑसिलेटरकडून (पल्स तयार करणाऱ्या सर्किटकडून) ग्रिडला येणाऱ्या एका कंडेन्सरचा. लीक. चहाच्या किमतीचा! ईएचटीसाठी मात्र दोन वर्षं नागपूरच्या इतवारीपासून सगळ्या भंगारवाल्यांकडे चकरा मारल्या. त्याच दुकानाने सेट चार महिने ठेवून घेतला आणि "पार्ट मिळत नाही" म्हणून परत दिला, तोही मागच्या झाकणाचे निम्मे स्क्रू गायब करून. काहून, ते त्यांनाच माहीत. असो.

मी मेकॅनिक नाही, पण माझं मत पक्कं आहे: तो कंडेन्सर न तपासताच बदला, तेवढ्याच मूल्याचा, ६३० व्होल्टचा. मग ग्रिडवर उणे दोन आकडी व्होल्ट दिसायला हवेत. व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या धातूच्या टोपीला मीटर लावू नका, तिथे हजारो व्होल्टचे पल्स असतात. तरी जमलं नाही तर त्याच भागातला डायोड व्हॉल्व्ह पीवाय ८८ बघा. आयएफ कॉइलचे (ट्यूनरनंतर सिग्नल जुळवणाऱ्या कॉइलचे) कोअर कुणालाही फिरवू देऊ नका, मलासुद्धा.

उन्हाळ्यात सेट कूलरच्या झोतात नको, ओलाव्याने ईएचटी चरचरते.

आणि पडदा उजळला तरी मुंग्याच दिसतील, दूरदर्शनचं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण आता नाही. सेट-टॉप बॉक्सचं चित्र अँटेनाच्या तारेतून देणारा मॉड्युलेटर लागेल, तो व्हीएचएफ पट्ट्याचा घ्या. मी त्याहून वरच्या यूएचएफ पट्ट्याचा आणला होता, जुन्या ट्यूनरला तो पकडताच येईना. अजून पडून आहे.