ज्याचं जाणार आहे, त्याच्याकडे आधी जा

बाय,

तुझा मेसेज वाचला. जमीन विकली तर पाच भावंडांना वाटणी मिळते, मुंडकाराला, म्हणजे तुमच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुटुंबाला, दुसरीकडे फ्लॅट मिळतो, मग बेरीज चांगलीच येते ना असं घरातले म्हणतात, आणि तुला ते खोडताही येत नाही नि पटतही नाही. सगळ्यांच्या सुखाची बेरीज बघणारा बेंथम वाचला की तो पटतो, माणसाला नुसतं साधन करू नका म्हणणारा कांट वाचला की कांट पटतो. अगो, दोघंही पटतात म्हणजे तू नीट वाचतेयस. पण आधी थिअरी ठरवायची आणि मग माणसाकडे बघायचं, हा क्रम सोड. ज्याचं जाणार आहे त्याच्याकडे आधी जा.

बेंथमला मी कमी लेखत नाही हां. त्याच्या हिशोबात जमिनीचा मालक भाटकार एक आणि मुंडकारही एकच, १७८९ साली असं मांडायला छाती लागते. पण बेरजेतली खोट रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये बरोबर पकडली. मी दात काढून घेतला तर दुखणंही माझं आणि रात्रीची झोपही माझी. समाजात दुखणं एकाचं, झोप दुसऱ्याची. साळावली धरणाचं बघ. दक्षिण गोव्यात आमच्या नळाला पाणी आलं, कुर्डी गाव पाण्याखाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की तिथली माणसं अजून सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. माझी भागलेली तहान त्यांच्या खात्यात कशी जमा करायची?

माझं सांगतो. तिशीत असताना आमच्या वाड्यावरच्या रस्त्यासाठी अर्ज मी लिहिला. फायदा ४० घरांचा, नुकसान १ घराचं. त्या घरात एकटी म्हातारी, तिचे सहा माड आड येत होते. भरपाई मिळाली तिला, चांगली मिळाली. तोडायच्या दिवशी ती शेवटच्या माडापाशी आली, नारळ पाडणारा पाडेली पाय ठेवायचा त्या खाचांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हा ह्यांनी लावलेला. विचारलं असतंस तर मीच दिला असता."

रस्ता चुकीचा नव्हता, हे मी आजही भांडून सांगेन. पावसात आजारी माणसाला खुर्चीत बसवून चिखलातून न्यायचो आम्ही. पण ३९ दारं फिरलो आणि तिच्याच दारात गेलो नाही, ती नाही म्हणेल या भीतीने. आधी जायला हवं होतं. सगळ्यात आधी.

कांट १७८५ मध्ये सांगतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, त्यातल्या 'केवळ'खाली रेघ मार. उपयोग आपण एकमेकांचा रोज करतोच, पाडेलीचा, बसवाल्याचा. त्याच्या हो-नाहीला किंमतच उरत नाही तेव्हा तो 'केवळ' होतो. १९७५ चा मुंडकार कायदा त्या कुटुंबाला सहज हलवू देत नाही, हे तुझ्या काकांना ठाऊक आहे, म्हणून तर गोडीत सही मागतायत. सही म्हणजे होकार असं धरून चालू नकोस, किती वेळा सांगू!

रविवारी घरात बैठक आहे म्हणालीस, मग शनिवारी जा. काकांना नको, कागद तर नकोच. सोप्यावर बस, चहा दिला तर पी, आणि इथून काय नेता येईल, काय येणार नाही ते त्यांनाच विचार. नाही म्हणाले तर तो नकार रविवारी त्यांच्याच शब्दांत सांग, तुझी थिअरी त्यात मिसळू नकोस. एकटीला जड वाटत असेल तर मी येतो, सकाळच्या पहिल्या बसने निघेन.