जनुकाची दुसरी प्रत कशासाठी?

प्रश्न : वनस्पतींच्या वाढीस पोषक असणाऱ्या काही जिवाणूंत एकाच जनुकाच्या एकाहून अधिक प्रती आढळतात. जादा प्रत निरुपयोगी असते का?

उत्तर : बहुतेकदा ती उत्परिवर्तनांमुळे (जनुकाच्या रचनेत होणाऱ्या बदलांमुळे) निकामी होऊन नाहीशी होते, परंतु मूळ प्रत आपले काम सांभाळत असल्याने दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते आणि क्वचित तिच्यातून नवे कार्य उदयास येते, हा विचार जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी १९७० मध्ये ठामपणे मांडला. मला सर्वांत सुंदर वाटणारे उदाहरण ॲझोटोबॅक्टर व्हिनेलँडी या मातीतील जिवाणूचे आहे. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या, म्हणजे सजीवांना वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या, नायट्रोजिनेज या विकराचे (एन्झाइमचे) तीन प्रकार त्याच्याजवळ असून, नेहमीच्या प्रकारास लागणारे मॉलिब्डेनम मिळेनासे झाले की व्हॅनेडियमवर किंवा केवळ लोहावर चालणारा प्रकार कामी येतो. तिन्हींच्या जनुकांतील साम्य त्यांचा पूर्वज एकच असल्याचे दर्शवते.