अप्रॉक्सिमेशनला मराठीत काय म्हणावे?

मुलुंडच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: ‘विश्वाच्या आरंभीच्या इन्फ्लेशनवर (अतिवेगवान प्रसरणावर) कॉलेजात मराठीतून बोलायचे आहे. अप्रॉक्सिमेशन हा शब्द पावलोपावली येतो. अंदाज म्हणू, सन्निकटन म्हणू, की इंग्रजीच ठेवू?’

‘अंदाज’ नको. दादरच्या फलाटावर उभे राहून ‘आज गाडीला गर्दी असणार’ म्हणणे, हा अंदाज. अप्रॉक्सिमेशन करणाऱ्याला समीकरणातले काय टाकले आणि काय ठेवले हे नेमके ठाऊक असते. त्यामुळे उत्तर कुठवर विसंबण्याजोगे राहील, हेही तो तपासतो. शाळेत ‘पायची अंदाजे किंमत २२/७’ शिकवतात, तिथूनच हा घोळ सुरू होतो. २२/७ ही संख्या सुमारे ०.०४ टक्क्याने जास्त आहे. हे पक्के माहीत असताना तो अंदाज कसला?

‘सन्निकटन’ हिंदी पुस्तकांत रुळले आहे. अर्थ चोख, पण मला ते मराठी वाक्यात अवघडल्यासारखे वाटते. त्यापेक्षा ‘आसन्न’, म्हणजे जवळ आलेले, घ्या. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, आणि त्याला हेच विशेषण लावले. सुमारे हजार वर्षांनी केरळच्या नीलकंठ सोमयाजीने या शब्दावर थांबून प्रश्न केला: खरे मान सोडून आसन्न का दिले? कारण व्यास आणि परीघ एकाच मापाने निःशेष मोजता येत नाहीत. ‘आसन्नमरण’मुळे शब्द आपल्याही कानावरचा आहे. तेव्हा क्रियेला ‘आसन्नीकरण’, हाती येते ते ‘आसन्न उत्तर’. त्यातही भास्कराचार्यांनी लीलावतीत २२/७ ला ‘स्थूल’ आणि ३९२७/१२५० ला ‘सूक्ष्म’ म्हटले आहे. ही जोडीसुद्धा तुम्हाला कामी येईल.

तुमच्या विषयात अंदाज आणि आसन्न यांतला भेद फार महत्त्वाचा आहे. इन्फ्लेशनच्या एका प्रकारात क्षेत्र (अवकाशात सर्वत्र पसरलेली, प्रत्येक बिंदूला काही मूल्य असलेली राशी) ऊर्जेच्या टेकडीच्या माथ्यावरून खाली येते. ॲलन गुथ आणि सो-यंग पी या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये त्यासाठी उलट्या आंदोलकाचे (मध्याकडे ओढला न जाता मध्यापासून दूर ढकलला जातो त्याचे) गणित अचूक सोडवून दाखवले: क्षेत्राचे कोणते मूल्य किती संभवते हे सांगणारा, घंटेच्या आकाराचा तरंग घंटेच्याच आकाराचा राहतो, फक्त रुंदावत जातो. पण ऊर्जेत क्षेत्राच्या चौथ्या घाताचे पद आले की ही सोय संपते. तिथे हार्ट्रीची रीत वापरतात. डग्लस हार्ट्री या शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये ती अणूतल्या इलेक्ट्रॉनांसाठी काढली होती: प्रत्येक इलेक्ट्रॉनावर बाकीच्यांचा सरासरी परिणाम धरायचा. क्षेत्राच्या समीकरणात तिचा अर्थ असा, की क्षेत्राच्या घनाच्या जागी ‘वर्गाच्या सरासरीची तिप्पट गुणिले क्षेत्र’ लिहायचे. समीकरण सुटण्याजोगे होते. मात्र ती सरासरी उत्तरातूनच निघत असल्याने दोन्ही एकत्र सोडवावी लागतात.

इथे टाकले काय? तरंगाची फुटण्याची मुभा. टेकडीच्या दोन्ही बाजूंना दऱ्या असतील, तर खरा तरंग दुभंगून दोन उंचवटे होतात. हार्ट्रीची घंटा एकाच उंचवट्याची. ती दुभंगूच शकत नाही. सुरुवातीच्या काळात ती चांगली साथ देते, पुढे भरकटते. का भरकटते, तेही आपल्याला सांगता येते. श्रोत्यांना ‘अंदाज’ ऐकवलात, तर हे सगळे ज्ञान झाकले जाईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

इन्फ्लेशनला पहिल्यांदा ‘विश्वाचा फुगवटा’ म्हणा, म्हणजे वर्तमानपत्रातला चलनफुगवटा डोक्यात येणार नाही. नंतर नुसते ‘फुगवटा’ पुरे. डायनॅमिक्सला ‘गतिकी’. क्वांटम तसेच ठेवा. स्लो रोल, म्हणजे क्षेत्राचे टेकडीवरून हळूहळू उतरणे, यासाठी मी ‘मंद घरंगळ’ सुचवेन. त्यात विश्वाच्या प्रसरणाचा रोध इतका असतो की क्षेत्राचे त्वरण त्यापुढे सोडून देता येते. म्हणजे तेही आसन्नीकरणच, आणि त्यात काय सोडले ते याच वाक्यात सांगून टाका.